वाघोलीच्या गारगोटीत हायड्रोजन कोंडता येतो का? (प्रोजेक्टसाठी विचारतोय)

डबल_रस्सा:
नमस्कार मंडळी. एमएस्सी पार्ट टू, केमिस्ट्री, राहायला वारज्यात. मामाचं शेत वाघोलीच्या पुढे आहे, तिथे उन्हाळ्यात विहीर खोल करताना काळ्या कातळात पोकळ्या लागल्या आणि आत पांढऱ्या-गुलाबीसर गारगोट्या, मधे आवळून बांधलेल्या पेंढीसारख्या दिसतात. सरांनी बघितल्या बघितल्या स्टिलबाइट म्हणून सांगितलं, म्हणजे झिओलाइट, म्हणजे आत रेणू मावतील एवढ्या पोकळ्या आणि बोगदे. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की गाडीचं इंधन म्हणून सगळे हायड्रोजनच्या टाकीच्या मागे लागलेत, ७०० बारला सिलेंडर भरतात, आणि आपल्याकडे विहिरीत पिंजरे फुकट पडलेत तर त्यात का नाही भरायचा? हेच कुटून वापरू का लॅबमध्ये नवीन बनवू? आणि गॅस आत किती गेला ते मोजायचं कसं? गाईड म्हणाले "बघ बाबा तुझं तू".

कातळखोदू:
आधी एक विनंती, त्या पेंढ्या कुटू नकोस रे बाबा!! धुऊन कापसात ठेव. दख्खनच्या बसाल्टमधले झिओलाइट जगभरातल्या म्युझियममध्ये आहेत, आणि वाघोलीच्या खाणीतलं ते निळंशार कॅव्हान्साइट तर लोक शोधत येतात (ते झिओलाइटमध्ये धरत नाहीत, कॅल्शियम-व्हॅनेडियमचं सिलिकेट आहे). कधी सिन्नरला गेलास तर गारगोटी म्युझियम बघ.
लाव्हा थंड होताना बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, नंतर त्यातून गरम पाणी फिरलं आणि हे स्फटिक वाढले. म्हणून आतले बोगदे रिकामे नसतातच, पाणी असतं, स्टिलबाइटच्या वजनाच्या १७-१८ टक्के. झिओलाइट नावच त्यावरून पडलं, १७५६ मध्ये क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा दगड तापवला तर तो फसफसायला लागला, म्हणून ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड'. आता पाणी काढायला तापवशील तर स्टिलबाइट आकसतो, आणि त्याचा भाऊ ह्यूलँडाइट तर जास्त तापवला की सांगाडाच बसतो. पाणी गेलं आणि घरही पडलं. त्यात विहिरीतला माल, कॅल्साइट, माती, काय काय मिसळलेलं. मोजमापाला हे नको.

पाषाणची_ताई:
वर दादा बोलले ते बरोबर, लॅबमध्येच बनव. झिओलाइट ए पासून सुरुवात कर, ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद भांडं) पण लागत नाही. सोडियम अ‍ॅल्युमिनेट आणि सोडियम सिलिकेट दोन्ही कॉस्टिकच्या पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं, एकत्र केलं की दह्यासारखं घट्ट जेल होतं, ते पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत झाकण लावून ९९ डिग्रीला ३-४ तास. मग गाळ, धुवायचं, पीएच ९ च्या खाली येईपर्यंत धुवायचंच, सुकवायचं. ग्लोव्हज-गॉगल घाल, कॉस्टिक आहे ते.
आता माझी फजिती सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी बाटली शुक्रवारी ओव्हनमध्ये ठेवली आणि लोकल पकडून घरी गेले, सोमवारी आठवली. पावडर दिसायला तशीच पांढरी, पण एक्सआरडीमध्ये (एक्स-रे मारून स्फटिकाची रचना ओळखतात ते) झिओलाइट ए ची ७.२ डिग्रीची पहिली रेघ गायब आणि १४ आणि २४.५ ला नवीनच रेघा. सोडालाइट, म्हणजे वेगळ्याच रचनेचा स्फटिक, झालं होतं सगळं. जास्त वेळ ठेवलं की झिओलाइट ए मोडून ते तयार होतं, हे मला माझ्या सिनियरने हसत हसत सांगितलं, आणि वर हे पण की तुझ्या हायड्रोजनसाठी उलट हाच पिंजरा खरा.
कारण असं. झिओलाइट ए च्या मोठ्या पिंजऱ्याची खिडकी ४ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), हायड्रोजन २.८९ चा, येतो तसा निघून जातो. सोडालाइटची खिडकी त्याच्याहून बारीक, थंडीत दार बंद. पण ३०० डिग्रीला सांगाडा थरथरतो, १०० बार दाब दिला की रेणू आत घुसतो, मग तसंच दाबाखाली थंड केलं की कोंडला गेला, परत हवा असेल तेव्हा तापवायचं. ऐकायला इतकं भारी वाटतं ना? १९९५ मध्ये जर्मनीत मोजलंय हे. ग्रॅमला ९.२ सीसी. मी तेव्हा वहीत हिशोब केला, वजनाच्या ०.०८ टक्के. गाडीला ५ किलो हायड्रोजन धरला तर ६ टन सोडालाइट घेऊन फिरायचं, कात्रजचा घाट कसा चढणार.

झारीतला_शुक्राचार्य:
ताईंनी गणित सांगितलं, मी दुखणं सांगतो. पिंजरा आहे म्हणून कोणी आत थांबत नाही, भिंतीला चिकटावं लागतं. २०२१ मध्ये ऑक्सिजन प्लांट आठवतायत? त्यात झिओलाइटच होतं, हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे सोडतं. नायट्रोजनला पकडायला सोडियम-लिथियमच्या आयनांना काहीतरी सापडतं. हायड्रोजनकडे मोजून दोन इलेक्ट्रॉन, धरणार कशाला. खोलीच्या तापमानाला टिकायला मोलला १५ किलोज्यूलच्या आसपास पकड हवी, बहुतेक झिओलाइटमध्ये त्याच्या निम्मी. म्हणून लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून, उणे १९६ ला, चांगल्यातलं चांगलं झिओलाइट २ टक्क्यांच्या आसपास जातं आणि बाहेर काढलं की सगळं पळतं. एमओएफवाले (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून पोकळ सांगाडे बनवणारे) यात बरेच पुढे आहेत, २०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांनाच मिळालं, पण थंडीची भानगड त्यांनाही चुकलेली नाही.
मोजमाप: सीव्हर्ट्स उपकरण. माहीत असलेल्या टाकीतून गॅस सोडायचा, दाब किती पडला त्यावरून किती शोषला ते काढायचं. सोपं वाटतं पण वायसरमधून बारीक गळती असली तरी दाब पडतो आणि माणूस खूश होतो की शोषला! १९९८ मध्ये कार्बनच्या नॅनोफायबरमध्ये ६७ टक्के हायड्रोजन मावतो असं छापून आलं होतं, नंतर कोणाला ते परत करून दाखवता आलं नाही. आणि आत नेमका कुठे बसलाय ते एक्सआरडीला दिसणार नाही, एक्स-रे इलेक्ट्रॉन बघतात. न्यूट्रॉन लागतात, म्हणजे ट्रॉम्बेची ध्रुव रिअ‍ॅक्टर. पार्ट टूच्या प्रोजेक्टला कोण देतंय.
कॉलेजात हायड्रोजनचा सिलेंडर आणून प्रयोग करायचा विचार असेल तर तो आत्ताच सोड. मस्करी नाही.

डबल_रस्सा:
बाप रे. म्हणजे विषयच बदलू का? सबमिशनला चार महिने आहेत फक्त 😭

पाषाणची_ताई:
अरे नाही रे, पाणी मोज की. पिंजरा तोच, पाहुणा बदल. झिओलाइट ए वजनाच्या २२ टक्के पाणी धरतं, साध्या चार दशांशाच्या तराजूवर दिसतं. एका बॅचमध्ये सोडियम ठेव, दुसरीत पोटॅशियम घाल, तिसरीत कॅल्शियम, क्लोराइडच्या पाण्यात ढवळून होतं. खिडकी ४ ची ३ होते किंवा ५ होते. तिन्ही ३५० ला रात्रभर कोरडे करून कोणी किती पाणी किती वेळात ओढलं ते काढ. आणि एक बॅच मुद्दाम तीन दिवस ओव्हनमध्ये विसर, सोडालाइटशी तुलना फुकटात. एक्सआरडीसाठी आयसर किंवा एनसीएल या पुण्यातल्या संशोधन संस्थांमध्ये पैसे भरून सॅम्पल देता येतं का ते गाईडना आत्ताच पत्र लिहायला लाव, शेवटच्या महिन्यात रांग असते.

कातळखोदू:
आणि तुलनेला मामाच्या विहिरीतला एक *फुटका* तुकडा घे. फुटका म्हणालो. पेंढ्यांचा फोटो टाक इथे.