अनुभव धागा : घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही (नागपूरकरांनी लिहा)

धागाकर्ता, धरमपेठ

नागपुरात घरोघरी कॉम्प्युटर आला तो मुलांच्या अभ्यासासाठी, निदान सगळ्यांनी सांगितलं तरी तसंच. पुढे कधीतरी त्याच्या पाठीमागे केबलची काळी वायर येऊन लागली. कोणी आत ट्यूनर कार्ड, म्हणजे केबलचा सिग्नल घेऊन कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं कार्ड, बसवलं, कोणी मॉनिटरला वेगळा डबा जोडला, आता एचडीएमआयची वायर नाहीतर नुसतं वायफाय. या सगळ्या काळातले अनुभव हवेत.

घरात टीव्ही असताना कॉम्प्युटरवर कशाला पाहिलं, हे मात्र जरूर लिहा. माझा अंदाज असा की कारण तांत्रिक नसायचंच. आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा रिमोट आजीच्या हातात असे. अल्फा मराठी आणि ई टीव्ही मराठी दोन्ही सुरू झाल्यावर तर तिला जाहिरातींतही उसंत नव्हती, इकडची संपली की तिकडची. बाबांनी ट्यूनर कार्ड आणलं ते बातम्या पाहायला मिळाव्यात म्हणून. आम्हाला 'व्हिडिओ एडिटिंग शिकता येईल' असं सांगितलं होतं.

दुकानदार, केबलवाले, कंपन्या यांच्यावर राग असेल तर नाव न घेता काढा.

महाल

भाऊ, ही कार्डं मीच बसवून देत होतो, म्हणून आतलं सांगतो. डब्यावर नावं पन्नास, चिप मात्र बहुतेक वेळा एकच, बीटी८७८. मागून फिलिप्सची एसएए७१३४ आली. लोक बर्डीच्या बाजारात मोदी नंबर तीनच्या गल्लीत तासभर घासाघीस करून 'चांगल्या कंपनीचं' कार्ड आणत आणि मी उघडून पाह्यलं की आत तेच.

तक्रारी दोनच असायच्या. एक, चित्र येते, आवाज येत नाही. जुन्या कार्डांत आवाज एका छोट्या वायरीने बाहेर निघायचा आणि साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये जायचा. ते लाइन-इन विंडोजमध्ये म्यूट करून ठेवलेलं असे. गिऱ्हाइकाने तोवर तीनदा कार्ड बदलून मागितलेलं. दुसरी तक्रार, आवाजाच्या जागी नुसती खरखर. तिथे सेटिंगमध्ये देश चुकीचा असे. टीव्ही सिग्नलची पद्धत देशोदेशी वेगळी, आपल्याकडे पाल-बी, म्हणजे आवाज चित्राच्या ५.५ मेगाहर्ट्झ वर बसतो. चीनच्या पाल-डीमध्ये तो ६.५ वर. सॉफ्टवेअरमध्ये चीन तसाच राहिला तर चित्र एकदम झकास आणि आवाजाची नुसती खरखर. लोक म्हणत, कार्ड डुप्लिकेट आहे. देश बदलला की गाणं सुरू.

आता चित्रावर दिसणाऱ्या मुंग्यांचं. एका वायरीतून टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचे तर मध्ये स्प्लिटर येतो, अन् तो सिग्नल अर्धा करतो, थोडा स्वतःही खातो. हिशेबात साडेतीन डेसिबल. खालच्या चॅनलला कळत नाही, वरच्या बँडचे चॅनल बर्फ पडल्यासारखे दिसतात. त्यात कनेक्टर न लावता वायर सोलून आगपेटीची काडी खोचलेली. मी सांगून राह्यलो की दहा रुपयांचा कनेक्टर लावा, ते विचारून राह्यले की महागडं कार्ड कोणतं घेऊ. कार्डाने काही होत नाही बावा. वायर नीट पाहिजे.

पांढराबोडी, तेव्हा विद्यार्थी, आता पुण्यात

धागाकर्त्याचा अंदाज आमच्या बाबतीत लागू नाही. आमच्याकडे रिमोटवरून भांडायला टीव्हीच नव्हता. घरमालक काकांची अट होती, खोलीत टीव्ही चालणार नाही, पोरं बिघडतात. कॉम्प्युटरला हरकत नव्हती, इंजिनिअरिंगच्या पोरांना लागतोच. मग आम्ही बाहेरून लावायचा ट्यूनर डबा घेतला. केबल त्यात, मॉनिटर त्याला. सीपीयू चालू असण्याचीही गरज नाही, हा त्याचा मोठा गुण. लाइट गेली की छोट्या यूपीएसवर सीपीयूसकट मॉनिटर लगेच दम तोडायचा. नुसता डबा आणि मॉनिटर बऱ्यापैकी तग धरायचे.

केबल कुठून आली? काकांच्या मुलानेच गच्चीवरून वायर टाकून दिली. बदल्यात मॅचच्या दिवशी गादीवरची जागा.

नोव्हेंबर २००८ ला जामठ्याच्या नव्या मैदानावर पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, गांगुलीची शेवटची. मैदान वर्धा रोडवर, आमच्याच शहरात, आणि आम्ही पंधरा इंची मॉनिटरसमोर. कसोटीला स्टेडियममध्ये गर्दी नाही, जा की बे, असं सगळे म्हणत. पण प्रॅक्टिकल बुडवून जामठ्याला जाणं वेगळं आणि प्रॅक्टिकलहून पळत खोलीवर येणं वेगळं. दुसऱ्या डावात दादा पहिल्याच चेंडूवर क्रेझाला झेल देऊन परतला तेव्हा खाली काकांच्या हॉलमधूनही तोच 'अरेरे' ऐकू आला. ते वर काही आले नाहीत. त्यांना सगळं माहीत होतं, असं मला आता वाटतं.

लक्ष्मीनगर

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या घरी ट्यूनर कार्डावर टीव्ही फारसा कोणी पाहिला नाही, पण त्या कार्डाचे उपकार मोठे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलाने कार्ड बसवलं ते माझ्या मालिकांसाठी. शाळेची दुपारपाळी, घरी यायला साडेसहा. वेळ लावून ठेवली की कॉम्प्युटर आपोआप रेकॉर्ड करायचा. पण उन्हाळ्यात भारनियमन ठरलेलं, आणि नेमकी ती वेळ. उरलेली फाइल उघडायचीसुद्धा नाही, कारण रेकॉर्डिंग नीट बंद झाल्याशिवाय काही फॉरमॅट पूर्णच होत नाहीत. मालिकांचा नाद सुटला.

मग मुलाच्या लक्षात आलं की कार्डाला पिवळी पिनही लागते. आमच्याकडे व्हीएचएसच्या कॅसेटी होत्या. माझ्या लग्नाची नाही, तेव्हा फोटोच निघाले. पण दिराचं लग्न, मुलाची मुंज, सासूबाईंची पंचाहत्तरी. व्हीसीआर ट्यूनर कार्डाला जोडला आणि कॅसेट चालवून कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ लागलो. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई करता येत नाही. पहिल्यांदा त्याने कसलंही कॉम्प्रेशन न लावता घेतलं. ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण २० एमबी. मिनिटाला एक जीबीच्या वर. ऐंशी जीबीची डिस्क मुंजीतल्या मातृभोजनापर्यंतही पुरली नसती. मग एमपेग-२ या कॉम्प्रेशनच्या फॉरमॅटमध्ये घेतलं, तासाला सुमारे दोन जीबी, एका डीव्हीडीत दोन तास. तरी रेकॉर्डिंग चार जीबीला थांबायचं. डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, तिच्यात त्याहून मोठी फाइल मावत नाही. ती एनटीएफएस या नव्या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर सुरळीत झालं.

ज्यांना अजून करायचं आहे त्यांच्यासाठी तीन गोष्टी. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढची कॅसेटही जाते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. दुसरं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हलणाऱ्या माणसांच्या कडेला आडव्या रेघा दिसतील. कॅसेट खराब नाही. जुना टीव्ही एक चित्र दोन अर्ध्यांत दाखवायचा, आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. मॉनिटर दोन्ही अर्धी एकदम दाखवतो. प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा, मूळ फाइल तशीच ठेवा. तिसरं, कॅसेट उतरवताना त्या कॉम्प्युटरवर दुसरं काहीही करू नका. मधल्या फ्रेम गळतात आणि शेवटी मंगलाष्टकं एकीकडे, भटजींचे ओठ दुसरीकडे.

सासूबाई २०११ ला गेल्या. त्यांचा बोलता आवाज आमच्याकडे तेवढ्याच कॅसेटमध्ये आहे.

धागाकर्ता

काकू, हे वाचून मी माळ्यावरची पेटी काढली. आमच्या कॅसेटींवर बुरशी आहे. महालवाले भाऊ, साफ करून देणारे कोणी माहितीत असतील तर मला व्यक्तिगत कळवा.

त्रिमूर्तीनगर

आमचं ट्यूनर कार्ड कधी निरुपयोगी झालं त्याची तारीखच सांगता येते. ३१ मार्च २०१३. केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती, त्यात नागपूर. आमच्या केबलवाल्याने काही दिवस जुने चॅनल चालू ठेवले, मग एकेक करत मुंग्या. कार्ड ठणठणीत, पण त्याला समजेल असं काही वायरीतून येतच नव्हतं.

सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी कार्डाला जोडून पाहिला. चालतं. पण चॅनल बदलायला बॉक्सचा रिमोट, बॉक्स हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. दोघांपैकी एकाने उठायचं. आणि एका बॉक्सवर एका वेळी एकच चॅनल, म्हणजे हॉलमध्ये जे चालू तेच आत. ज्या कारणासाठी कार्ड घेतलं ते कारणच गेलं. कार्ड अजून आहे. कोणाला हवं असेल तर न्या, फुकट.

हिंगणा रोड

वरच्या भाऊंसारखीच गत झाली होती, मी दुसरी वाट धरली. दूरदर्शनची फ्री डिश, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली ती. महिन्याचे पैसे नाहीत, आणि मी जोडली तेव्हाचे चॅनल कुलूपबंद नव्हते. म्हणून डीव्हीबी-एस, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल घेणारं कार्ड कॉम्प्युटरमध्ये घालून छत्रीची वायर थेट त्याला जोडता येते. सिग्नल आधीच डिजिटल. कार्ड नुसता तो उचलून डिस्कवर ठेवतं, प्रोसेसरला घाम फुटत नाही आणि रेकॉर्डिंग प्रक्षेपणाइतकंच स्वच्छ.

उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, आधी इन्सॅट-४बी, आता जीसॅट-१५. नागपुरातून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि आकाशात सुमारे ६० अंशांवर. इतक्या उंचीमुळे शेजारची दुमजली इमारत आड येत नाही, आमच्या अंगणातला कडुनिंब मात्र आला. झाड तोडलं नाही, छत्री जिन्याच्या टोपीवर नेली. छत्रीसमोरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज कार्डच देतं, १३ किंवा १८ व्होल्ट, त्यावरून उभ्या लहरींचे चॅनल घ्यायचे की आडव्या ते ठरतं. कार्डाची ती बाजू कमजोर असेल तर अर्धे चॅनल येतात आणि अर्धे येत नाहीत. माणूस दिवसभर छत्री फिरवत बसतो.

जुलैत जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोन होतात. केयू बँड आहे, त्या लहरी पावसात अडतात, त्याला इलाज नाही. चहा करायचा.

नंदनवन

मला हा प्रकार कधी पटला नाही. टीव्ही पाहायचा तर दिवाणवर पाय लांब करून, चार माणसांत. कॉम्प्युटरसमोर एकच खुर्ची. बाकीचे मागे उभे, त्यात कोणीतरी सारखा माउस हलवणार. आणि मे महिन्यात खिडकीत डेझर्ट कूलर सुरू असला की कॉम्प्युटरच्या त्या दोन डबड्या स्पीकरमधून काय ऐकू येणार? कूलर बंद करा म्हणायची हिंमत नागपुरात कोणाची आहे का?

मनीषनगर

आता उलटं झालंय, कॉम्प्युटरच मोठ्या टीव्हीला जोडतात. मी २०१० चं आयपीएल यूट्यूबवर लाइव्ह पाहिलेला माणूस, २५६ केबीपीएसवर. पाहिलेला म्हणजे, गोलंदाज चेंडू टाकायला धावताना दिसायचा आणि पुढचं दृश्य षटक संपल्याचं. तेव्हा आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते आठ डाउनलोड मोफत होतं. घरातले तरुण पहाटे दोनचा गजर लावून उठायचे, आणि आईला वाटायचं पोरगं अभ्यासाला उठलं.

आजच्या जोडणीत लोक अडकतात ते इथे. टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धी दिसते. दोष कॉम्प्युटरचा नाही, टीव्ही जुन्या सवयीने चित्र मोठं करतो. टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं, ते लावा. आवाज टीव्हीतून येत नसेल तर विंडोजच्या साउंडमध्ये आउटपुट म्हणून एचडीएमआय निवडा. बातम्यांची खालची पट्टी अडखळत सरकत असेल तर मॉनिटरचा दर ६० वरून ५० हर्ट्झ करून पाहा, आपलं प्रसारण २५ फ्रेमचं आहे, साठात ते समान वाटलं जात नाही. हे शेवटचं फार कोणी सांगत नाही.

आणि हो, इंटरनेटवरची मॅच मागे असते. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, प्लेअर त्यातले दोन-तीन साठवून मगच दाखवायला लागतो. शेजारी केबल असेल तर विकेट तुम्हाला भिंतीतून कळते.

अजनी

आमचं थोडक्यात. टाळेबंदीत सह्याद्रीवर शाळेचे धडे लागायचे आणि त्याच सुमारास दूरदर्शनने जुन्या मालिकाही पुन्हा लावल्या होत्या. सासऱ्यांनी टीव्ही सोडला नाही. मुलगी कॉम्प्युटरवर धडे बघायची, दूरदर्शनचे यूट्यूब चॅनल लावून. धागाकर्त्याचा रिमोटचा मुद्दा आमच्याकडे तंतोतंत खरा.

हनुमाननगर

प्रश्न आहे. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून कॉम्प्युटरला ब्लूटूथ स्पीकर लावून त्यांच्या खुर्चीजवळ ठेवला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं दीक्षाभूमीवरचं लाइव्ह त्यांना बघायचं असतं. पण बोलणाऱ्याचे ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. बाबा म्हणतात, डबिंग केलंय का?

महाल

ताई, ब्लूटूथ आवाज गुंडाळून पाठवते, तिकडे उलगडते, त्यात वेळ जाते. रेकॉर्ड केलेली फाइल व्हीएलसीमध्ये पाहत असाल तर कीबोर्डवर जे अन् के दाबून आवाज मागेपुढे सरकवता येतो, एका दाबाला ५० मिलिसेकंद. आवाज मागून येत असेल तर जे. ब्राउझरमधल्या लाइव्हला हे नाही चालत. तिथे साडेतीन एमएमची लांब वायर घ्या अन् स्पीकरला थेट जोडा. स्पीकरला मागे ऑक्सचं भोक आहे का ते आधी पाहा, नवीन काहींना ठेवतच नाहीत.

हनुमाननगर

आहे भाऊ. दहा फूट पुरेल?

महाल

भिंतीच्या कडेने न्यायची असेल तर पंधरा घ्या. मधून नेऊ नका, बाबा अडखळतील.