बेस डी स्टँडर्डला उतरवल्यावर पहिल्या पाच फ्रेट्सवर बझ: ट्रस रॉड, ॲक्शन की तारा?

खर्ज_चौतीस
चार तारांचा बेस, ३४ इंची स्केल, बोल्ट-ऑन नेक, निकेल राउंडवाउंड तारा ४५-६५-८५-१०५ (जाडी, इंचाच्या हजारांशात). ई स्टँडर्डला काहीच तक्रार नव्हती. बँडमधल्या दोन्ही गिटार डी स्टँडर्डला (सगळ्या तारा एक पूर्ण सूर खाली) गेल्या, म्हणून बेसही डी-जी-सी-एफला उतरवला. तेव्हापासून जाड तारेवर पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत जोरात बझ (तार फ्रेटवर आपटून होणारी खरखर) येतो, बाराव्याच्या पुढे जवळजवळ नाही. जोरात छेडलं तर सूर आधी चढा लागतो, मग खाली येऊन थांबतो. ओपन जी (म्हणजे पूर्वीची ए तार) सतारीसारखी झणझणते. सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) उचलून पाहिले तर ॲक्शन (फ्रेट्सपासून तारांची उंची) हाताला जड झाली, पण बझ काही पूर्ण गेला नाही. शिवाय गिटार सुरू झाल्या की खालचा डी ऐकूच येत नाही. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, त्याचा बाक सांभाळणारी सळई) हात लावावा का? लावायचा तर कुठल्या दिशेने आणि किती?

मंद्रसप्तक
आत्ता लावू नका. आधी तारा बदला.

लांबी आणि जाडी तीच ठेवली तर तारेवरचा ताण कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा सूर उतरवला की ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण सूर उतरवला की साधारण २१ टक्क्यांनी. तुमच्या चारही तारा तेवढ्या सैल पडल्यात. सैल तार जास्त रुंद झोके घेते, हे झालं एक. दुसरं असं की तारांची ओढ आणि ट्रस रॉडची उलटी ओढ यांच्या तोलावर नेकचा बाक ठरतो. तारांची ओढ पाचव्या हिश्श्याने कमी झाली आणि रॉड होता तिथेच राहिला. त्यामुळे नेक सरळ झाला, कदाचित थोडा मागेही झुकला असेल. पहिल्या ते पाचव्या फ्रेटवर बझ आणि वरती स्वच्छ, ही त्याचीच खूण. सॅडल उचलून तो जात नाही, कारण ब्रिजकडे तार दोन मिलिमीटर उचलली तरी पहिल्या फ्रेट्सपाशी तिची उंची नावापुरतीच वाढते.

जुना ताण परत आणायचा तर तारेचं वजन सुमारे २६ टक्क्यांनी वाढायला हवं. त्याच बनावटीच्या तारेत याचा अर्थ जाडी १२ टक्के जास्त. म्हणजे १०५ च्या जागी ११८, ८५ च्या जागी ९५, ६५ च्या जागी ७३, ४५ च्या जागी ५०. बाजारातल्या मापांत ५०, ७० किंवा ७५, ९५ आणि ११५ किंवा १२० असा संच जमवा. सेटमध्ये ही मापं एकत्र मिळाली नाहीत तर सुट्या तारा घ्या, फक्त चारही एकाच कंपनीच्या आणि एकाच मालिकेतल्या असू द्या. ताण पूर्ववत झाला की नेकही बहुतेक पूर्ववत होईल आणि रॉडला हात लावायची वेळच येणार नाही. जुन्या तारांवर रॉड ढिला केलात तर नव्या तारा चढवल्यावर तोच पुन्हा आवळावा लागेल.

तळघर_टोन
मग सरळ पाच तारांचा सेट घेऊन त्यातल्या बी-ई-ए-डी या चार तारा का लावू नयेत? १३०-१०५-८५-६५ सगळीकडे मिळतो.

मंद्रसप्तक
डी स्टँडर्डला तो सेट फार कडक पडतो. बी तार डीपर्यंत चढवायची म्हणजे तीन अर्धसूर वर, आणि ताण ४१ टक्क्यांनी जास्त. बाकीच्या तिन्ही तारांचंही तेच. नेकवर नको इतका भार येतो आणि बोटांनाही तार दाबताना झगडावं लागतं. तो सेट बी-ई-ए-डीलाच वापरावा, फार तर सी-एफ-बी फ्लॅट-ई फ्लॅटला. तिथे वाढ १२ टक्क्यांचीच असते.

फीलर_गेज
तारा चढवताना आणि नंतर काय क्रमाने करायचं ते लिहितो. क्रम उलटा झाला की प्रत्येक माप दोनदा घ्यावं लागतं.

सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. जाड तार कापण्याआधी जिथे कापायची तिथे पक्कडीने काटकोनात वाकवा, मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं गाभ्यावरून सैल सुटू शकतं आणि कोरी तार पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. खुंटीच्या पुढे सुमारे १२ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे तीनेक वेढे बसतात. टोक खुंटीच्या मधल्या छिद्रात पूर्ण खाली खुपसायचं आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली घ्यायचा.

तुमची झणझणणारी ओपन जी इथेच सुटण्याची शक्यता मोठी आहे. फेंडर धाटणीच्या हेडस्टॉकवर स्ट्रिंग ट्री वरच्या दोन तारांनाच खाली दाबते, तिसरी तार मोकळी असते. तिचे वेढे खुंटीच्या वरच्या भागात राहिले तर नटवरून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ती पुरेशा कोनात खाली उतरत नाही, म्हणून खाचेतच थरथरते. या तारेला एखादा वेढा जास्त द्या आणि वेढे खुंटीच्या तळापर्यंत न्या.

मग नट. १२० ची तार १०५ साठी कापलेल्या खाचेत अडकून वरच राहू शकते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहा. कागद जेमतेम सरकेल एवढी हवी. फट मोठी असेल किंवा ट्यून करताना टिक् असा आवाज येत सूर उडी मारत असेल तर खाच रुंद करायला हवी. त्यासाठी त्या मापाची नट फाइलच वापरा आणि हेडस्टॉकच्या बाजूला हलका उतार ठेवा. तळाला अगदी बेताने हात लावा, खाच खोल गेली की ओपन तार पहिल्या फ्रेटवर आपटायला लागते.

आता डी-जी-सी-एफला ट्यून करून बेस एक रात्र ठेवा, मग रिलीफ (नेकचा बाक) मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. बेस वाजवायच्या पोझिशनमध्ये हवा, टेबलावर आडवा ठेवून घेतलेलं माप फसवं निघतं. ०.३ ते ०.३५ मिलिमीटर आलं तर रॉड सोडून द्या. फट नसेलच तर रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा ढिला करा, पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. एका बैठकीत अर्ध्या फेऱ्यापलीकडे जाऊ नका. ॲलन की तुमच्या रॉडच्या अचूक मापाची हवी, तिच्या जागी जवळची म्हणून दुसरी चावी घुसवली की रॉडच्या नटाच्या कडा झिजतात. ते नुकसान महागात पडतं.

ॲक्शन त्यानंतरच. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. वर चढवलेले सॅडल आधी खाली आणा.

शेवटी पिकअप. जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तिच्यापासून पिकअपपर्यंत ३ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. याहून जवळ आणलं तर चुंबक तारेला खेचतो, सूर लहरतो आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेट्सवरही सूर बरोबर लागणं) काही केल्या जुळत नाही.

उजवा_हात
सूर आधी चढा लागून मग उतरतो, ते मुख्यतः सैल तारेमुळे आहे. मोठा झोका घेताना तार ताणली जाते, म्हणून पहिल्या क्षणी सूर वर जातो. तार जितकी सैल तितका हा फरक जास्त कळतो. जाड तारांनी तो कमी होईल, पण उरलेलं काम हाताचं.

तार बोटाने उचलू नका. उचलून सोडली की ती फ्रेटबोर्डच्या दिशेने वर-खाली हलते आणि फ्रेट्सवर आपटते. बोट तारेतून आडवं न्या आणि शेजारच्या तारेवर टेकवा, म्हणजे तार फ्रेटबोर्डला समांतर हलते. जाड तारेवर वाजवताना हात नेकजवळून ब्रिजकडे चार-पाच सेंटिमीटर सरकवा. तिथे तार बोटाला घट्ट लागते, झोका लहान राहतो आणि ओव्हरटोन (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) जास्त मिळतात. अंगठा पिकअपवर टेकवून छेड निम्मी करा आणि ॲम्पचा गेन वाढवा. बहुतेक लोक ॲम्पचं काम बोटाकडून करून घेतात, त्याचा भार शेवटी फ्रेट्सवर पडतो.

एक तपासणी जरूर करा. हेडफोनवर बझ ऐकू येतो का ते पाहा. येत नसेल आणि फक्त ॲम्पमधून फडफड होत असेल तर तो स्पीकरचा प्रश्न आहे. लहान प्रॅक्टिस ॲम्पचा आठ इंची स्पीकर ३७ हर्ट्झला हवा हलवू शकत नाही, नुसता आपटत राहतो.

मिक्सर_मागे
खालचा डी ऐकू न येण्याबद्दल. त्याचा मूळ सूर ३६.७ हर्ट्झ. कित्येक बेस कॅबिनेट तिथे आवाज देतच नाहीत. आपल्याला तो सूर ऐकू येतो तो ७३ आणि ११० हर्ट्झच्या ओव्हरटोनमुळे. म्हणून ॲम्पचा बेस नॉब वाढवून हाती काही लागत नाही, फक्त स्पीकर थकतो आणि ॲम्पची ताकद वाया जाते.

हाय-पास फिल्टर (ठरावीक कंप्रतेखालचा आवाज कापणारा) असेल तर ३० ते ३५ हर्ट्झवर लावा. २०० ते ३०० च्या दरम्यान दोन-तीन डेसिबल कमी करा, गढूळपणा तिथे साचतो. ७०० ते १००० मध्ये तितकेच वाढवा, बोटाचा घाव तिथे ऐकू येतो. कंप्रेसर (जोरदार सूर दाबून आवाज सारखा ठेवणारा) ४:१, अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, सगळ्यात जोरदार सुरावर काटा ४ ते ६ डेसिबल हलला की पुरे. अटॅक याहून जलद ठेवला तर सुराचं तोंडच कापलं जातं.

आणि गिटारवाल्यांना १०० हर्ट्झच्या खालचं सोडायला सांगा. डी स्टँडर्डला त्यांचा सगळ्यात खालचा सूर ७३ हर्ट्झ, म्हणजे बरोबर तुमच्या पहिल्या ओव्हरटोनवर. दोन गिटार तिथे बास वाढवून बसल्या असतील तर तुम्ही कितीही ईक्यू करा, बेसला जागा मिळणार नाही. हे बोलणं थोडं अवघड असतं, पण सेटिंग बदलण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

खर्ज_चौतीस
५०-७०-९५-१२० चढवल्या. रिलीफ ०.३ आला, रॉडला हात लावला नाही. पाच फ्रेट्सवरचा बझ गेला, जीचे वेढे खाली घेतल्यावर झणझणही गेली. आता एकच राहिलं: बाराव्या फ्रेटवर जाड तार अजून चढी लागते आणि सॅडल मागे पूर्ण सरकून स्प्रिंगवर अडकलंय.

फीलर_गेज
आधी तारेला नटपाशी आणि सॅडलपाशी अंगठ्याने हलकं खाली दाबा. जाड तार तिथे कमानीसारखी राहते आणि त्यामुळेही इंटोनेशन चढं येतं. पुन्हा ट्यून करून बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडून पाहा. दाबताना बोट हलकं ठेवा, जोर दिला की सूर आपोआप चढतो.

तरी चढा असेल तर तार सैल करा, सॅडलचा मागचा स्क्रू काढा, स्प्रिंग अर्धी कापून परत घाला. त्यातून चार-पाच मिलिमीटर जागा मिळते. तेवढ्याने भागलं नाही तर स्प्रिंग पूर्ण काढली तरी चालतं, तारेच्या ताणानेच सॅडल जागेवर दाबून राहतं. स्क्रू पाव फेरा फिरवा, ट्यून करा आणि मगच पुढचं माप घ्या.