सराव-लघुपट ते पदविका-चित्रपट: मधल्या काळात काय शिकावे?

प्रश्न: माझा सराव-लघुपट पूर्ण झाला असून आता पदविकेसाठीचा अंतिम चित्रपट करायचा आहे. कॅमेरा चांगला मिळणार आहे. तरी आधी कशावर मेहनत घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १: कॅमेऱ्याआधी ध्वनीकडे पाहावे. प्रत्येक ठिकाणचे चित्रीकरण आटोपल्यावर सगळ्यांना गप्प उभे करून, पंखा आणि फ्रीज ज्या अवस्थेत होते त्याच अवस्थेत ठेवून, मिनिटभर त्या खोलीचा नुसता आवाज मुद्रित करावा. संकलनात दोन संवादांमधली फट त्यानेच भरली जाते आणि ती कोरी राहिली की प्रेक्षकाच्या कानाला खटकते.

उत्तर २: सहमत. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. म्हणून सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रीकरण करताना शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश किती वेळ पडू द्यायचा ते ठरवणारी सोय) १७२.८ अंशांवर, म्हणजेच १/५० सेकंदावर ठेवावे; मग प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी येतात आणि चित्र लुकलुकत नाही.

उत्तर ३: तांत्रिक बाजू सहाय्यकही सांभाळतील, पण पटकथा कोण सांभाळणार? सराव-लघुपटाच्या संकलनात गळालेले शॉट काढून बसा आणि ते का गळाले हे प्रत्येकापुढे लिहा. बहुतेकदा पात्र दार उघडते, जिना चढते, खुर्चीत बसते असेच शॉट त्यात निघतात. नव्या पटकथेतली तशी दृश्ये कागदावरच छाटली, तर चित्रीकरणाचा वेळ नटांच्या तालमीला देता येईल.