प्री-मेड ट्रान्सफर: यूसी डेव्हिस की यूसी सॅन डिएगो?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही सनीव्हेलला राहतो. मुलगा डी अँझा ह्या कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करून पुढच्या दोन वर्षांसाठी यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) ट्रान्सफर होतोय. डेव्हिसला टॅग (ठरावीक ग्रेड मिळवले की प्रवेशाची आधीच हमी) केलं होतं, त्यामुळे तिथली जागा धरूनच चाललो होतो. एप्रिलमध्ये सॅन डिएगोचंही पत्र आलं आणि घरात दोन तट पडले. डेव्हिसला न्यूरोबायॉलॉजी-फिजिऑलॉजी-बिहेविअर मिळालंय, सॅन डिएगोला ह्यूमन बायॉलॉजी.

पदवीनंतर मेडिकलला जाऊन डॉक्टर व्हायचं हे त्याचं पक्कं आहे. सातवीच्या सुट्टीत मिरजेला आजोबांबरोबर डायलिसिसला जाऊन बसायचा, मशीनवरचे आकडे वहीत लिहून घ्यायचा. ती वही अजून जपून ठेवलीय.

जीपीए (ग्रेडची सरासरी, चारपैकी) ३.७ आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या क्वार्टरला (सत्राला) बी आला, त्याने फार मनाला लावून घेतलंय. ह्यांचं म्हणणं, सॅन डिएगोचं नाव मोठं, मेडिकल स्कूलवाले तेच बघणार. माझा ओढा डेव्हिसकडे, पण तो घराजवळ आहे म्हणूनच असेल, अशी मलाच शंका येते. १ जूनपर्यंत कळवायचंय. ज्यांची मुलं ह्यातून गेलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चिंचगूळ

बाकी सगळं नंतर. आधी सांगा, ग्रीनकार्ड आहे का? एच-४ वर (आईवडिलांच्या एच-१बीवर मिळणाऱ्या व्हिसावर) असेल तर एकविसाव्या वर्षी ते सुटतं, आणि एफ-१ वरच्या (विद्यार्थी व्हिसावरच्या) मुलांना घेणारी मेडिकल स्कूल्स मोजकीच आहेत. सरकारी कर्जही मिळत नाही.

रानजाई

आलंय, गेल्या वर्षीच. ती एक काळजी मिटली.

कृष्णाकाठ

ताई, माझी मुलगी कम्युनिटी कॉलेजातून डेव्हिसलाच गेली होती, आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला जे उशिरा कळलं ते आधी सांगते.

यूसीत गेल्यावर जीपीए नव्याने सुरू होतो, म्हणून मुलांना वाटतं पाटी कोरी झाली. तसं नाही. मेडिकलचा अर्ज एएमकॅस ह्या सामाईक अर्जसेवेतून जातो. तिथे प्रत्येक कॉलेजातला प्रत्येक ग्रेड भरावा लागतो, डी अँझाचेही सगळे. त्यातून बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा वेगळा जीपीए निघतो. एखादा विषय पुन्हा घेतला तर दोन्ही ग्रेड धरतात. म्हणून त्या बी साठी ऑरगॅनिक पुन्हा घ्यायच्या फंदात पडू देऊ नका. बी काही बुडवत नाही. पुढचे वरच्या पातळीचे विषय, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, नीट जमले की तो बी मागे पडतो. ऑरगॅनिकची तिन्ही क्वार्टरं मात्र डी अँझातच पुरी करून निघू दे. अर्धी इथे अर्धी तिथे केली की विषय जुळवताना जीव जातो.

आता वेळेचं गणित. हे मी कागदावर मांडलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. यूसीचं फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. पदवी संपताक्षणी मेडिकलला जायचं, तर अर्ज ज्युनिअर (तिसरं) वर्ष संपता संपता, मे-जूनमध्येच करावा लागतो. म्हणजे यूसीची फक्त तीन क्वार्टरं हातात. त्यातलं पहिलं नवीन जागेत रुळण्यात जातं. दहा आठवड्यांचं क्वार्टर, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली मिडटर्म. त्याच वर्षात एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) द्यायची, आणि ज्या प्राध्यापकांनी पोराला जेमतेम दहा आठवडे पाहिलंय त्यांच्याकडे शिफारसपत्रं मागायची. आम्ही हट्टाने तसंच केलं, आणि त्या वर्षी एकाही ठिकाणाहून मुलाखतीला बोलावणं आलं नाही. सीनिअर वर्षानंतर पुन्हा अर्ज केला, मधल्या वर्षात ती क्लिनिकमध्ये काम करत होती, तेव्हा झालं. ट्रान्सफरच्या मुलांनी एक वर्ष मध्ये घ्यायचंच असं धरून चालावं, असं माझं ठाम मत आहे. ते वर्ष धरलं की डेव्हिस की सॅन डिएगो हा प्रश्नही जरा हलका होतो.

डेव्हिसचं म्हणाल तर तिथल्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या मोफत क्लिनिक्स ही मोठी गोष्ट आहे. क्लिनिका तेपाती, पॉल हॉम, शिफा. पदवीची मुलंही तिथे खरं काम करतात. लेक तेपातीला जायची. पहिल्याच दिवशी एका आजींचं बीपी घेताना कफ दोनदा सुटला, आणि आजींनीच तिचा हात धरून तो नीट बसवून दिला. हे तिने मेडिकलच्या मुलाखतीत सांगितलं. क्लिनिक्स सॅक्रामेंटोला आहेत, मेडिकल सेंटरही तिथेच, कॅम्पसपासून पंधरा-वीस मैल. जाण्यायेण्याचं आधी बघून ठेवा.

पाऊसवेडी

सॅन डिएगोची बाजू मी मांडते, माझा भाऊ तिथे शिकला. तिथे मेडिकल स्कूल आणि जेकब्स मेडिकल सेंटर कॅम्पसलाच लागून आहे. २०२१ पासून ट्रॉलीची ब्लू लाइन थेट कॅम्पसवर येते, हॉस्पिटलला वेगळं स्टेशन आहे, गाडी नसली तरी अडत नाही. संशोधनाची ओढ असेल तर ह्याला तोड नाही, सॉल्क आणि स्क्रिप्स ह्या दोन्ही संशोधनसंस्था हाकेच्या अंतरावर. भावाने दीड वर्ष एका लॅबमध्ये उंदरांचे पिंजरे साफ करण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी एका शोधनिबंधात त्याचं नाव आलं.

मात्र तिथे विद्यापीठातच आठ कॉलेजं आहेत, प्रत्येक विद्यार्थी त्यातल्या एकात असतो, आणि जनरल एज्युकेशनचे (मुख्य विषयाबाहेरच्या सक्तीच्या विषयांचे) नियम प्रत्येकाचे वेगळे. मुलाला कुठलं मिळालंय ते बघून किती विषय उरतात ते आत्ताच मोजा. दोनच वर्षं हातात असताना हे महत्त्वाचं आहे. घरभाडंही डोळे पांढरे करणारं आहे.

चिंचगूळ

पैशाचं मी बोलतो. ट्यूशन फी दोन्हीकडे सारखीच, फरक राहण्याखाण्याचा. तो वाचवाच. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च भागवणारं सरकारी कर्ज) बंद. मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. बऱ्याच मेडिकल स्कूल्सचा चार वर्षांचा खर्च त्याहून बराच जास्त आहे. वरचे पैसे खासगी कर्जातून नाहीतर तुमच्या खिशातून. नावासाठी आत्ता जास्तीचे पैसे घालाल, ते चार वर्षांनी हवे असतील.

आणि वहिनी, साहेबांना सांगा, अर्ज बघणारे आधी जीपीए आणि एमकॅट बघतात. ह्या दोन कॅम्पसच्या नावात तिथे फारसा फरक पडत नाही.

कृष्णाकाठ

ह्याला माझं अनुमोदन. आणि घराजवळ असणं ह्यात लाज कसली? सांता क्लाराहून कॅपिटॉल कॉरिडॉर रेल्वे थेट डेव्हिसला जाते. पहिल्या क्वार्टरला लेक दर दुसऱ्या शुक्रवारी घरी यायची, रविवारी पोळीभाजीचे डबे घेऊन परत. त्या तीन महिन्यांत तिला त्याचाच आधार होता.

अजून एक. डी अँझाच्या प्राध्यापकांपैकी जे त्याला चांगलं ओळखतात त्यांच्याकडे पत्र आत्ताच मागून इंटरफोलिओत (शिफारसपत्रं साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेत) ठेवू दे. दोन वर्षांनी त्यांना चेहरा आठवत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना हे सगळं दोघांना वाचून दाखवलं. वेळेच्या गणितावर हे बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मधलं वर्ष कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाने खर्चाचा तक्ता केला, सॅन डिएगोचं राहणं बरंच महाग निघालं. त्याला लॅबपेक्षा पेशंट हवेत, हे त्याने स्वतःच सांगितलं. शनिवारी तो एकटा गाडीने डेव्हिसला जाऊन येणार आहे, तिथून सॅक्रामेंटोला कसं जायचं तेही बघणार आहे. बहुतेक तेच ठरेल.

ऑरगॅनिकच्या सरांना पत्रासाठी मेल मात्र आजच गेली. बी दिला होता तेच सर. प्रत्येक ऑफिस अवरला (शंका विचारायच्या वेळेला) हा त्यांच्याकडे जायचा, म्हणून त्यांनाच विचारतोय म्हणाला.