टीआरटीचे साइड इफेक्ट म्हणे तीन वाक्यांत मिटतात!

आडवाटेचा:
टीआरटी म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बाहेरून घ्यायचा उपचार. परवा शेजारच्या धाग्यावर 'दणकट' यांनी लिहिलं: "टीआरटीला घाबरणारे लोक अडाणी आहेत. रक्त घट्ट झालं तर दर तीन महिन्यांनी रक्तदान करा. छाती सुटली तर अ‍ॅनास्ट्रोझोलची गोळी टाका (ती इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, कमी करते). अंडकोष आक्रसले तर एचसीजी (वृषणांना कामाला लावणारं हार्मोनचं इंजेक्शन) घ्या. विषय संपला."

दणकटराव, माझा विषय नऊ वर्षांत संपलेला नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. २०१६ साली माझ्या पिट्युटरीची, म्हणजे वृषणांना निरोप धाडणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीची, गाठ नाकातून काढली. तेव्हापासून टेस्टोस्टेरॉन बाहेरूनच घ्यावं लागतं, हौस म्हणून नाही. सुरुवातीला दर तीन आठवड्यांनी सस्टेनॉन २५० हे टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. पहिले पाच दिवस मी बैलपोळ्याचा बैल, तिसऱ्या आठवड्यात पावसात राहिलेला पापड. दीड वर्षाने हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के, तो आकडा) ५५. ५४ च्या वर गेला की थांबायचं, हा ठरलेला नियम आहे. डॉक्टरांनी रक्तदान करा म्हटलं नाही. इंजेक्शन बंद केलं, आकडा खाली आल्यावर डोस कमी करून अंतर घटवलं. आणि बायकोला विचारलं, "हे घोरतात का?" घोरत होतो, गल्ली जागी करण्याइतपत. झोपेची तपासणी झाली, स्लीप अ‍ॅप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास अडकतो. त्यानेही रक्त घट्ट होतं. आता रात्री मशीन लावून झोपतो.

अ‍ॅनास्ट्रोझोलचा शहाणपणाही मी करून बसलोय, डॉक्टरांना न विचारता. चार महिन्यांत गुडघे जात्यासारखे वाजायला लागले. पुरुषाच्या हाडांना इस्ट्रोजेन लागतं हो! रिपोर्टमध्ये आकडा लाल दिसला म्हणून गोळी टाकायची नसते.

आणि रक्त कधी दिलं ते सांगितल्याशिवाय टेस्टोस्टेरॉनचा आकडा इथे चिकटवू नका. इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवशी मीही ११०० चा असतो.

दणकट:
केवढा निबंध! तुमची गाठ होती, तुमची केस वेगळी. माझं वय ४१, टेस्टोस्टेरॉन २९० होतं. सकाळी उठवत नव्हतं, ऑफिसात डुलक्या, घरात चिडचिड. इंजेक्शन सुरू केलं आणि माणसात आलो. तुमच्यासारखे लोक घाबरवतात म्हणून शेकडो पुरुष कुढत बसतात. ट्रॅव्हर्स अभ्यास वाचा, २०२३ चा. पाच हजारांवर पुरुष होते, हार्ट अ‍ॅटॅक वाढले नाहीत. पुढे बोला.

सडेतोड_सुमन:
बोलते. त्यातले पुरुष ४५ ते ८० वयाचे होते, तुम्ही ४१ चे. त्यांची पातळी सकाळी उपाशीपोटी दोनदा मोजून ३०० च्या खाली आली होती. तुमची किती वेळा मोजली? आणि ते जेल लावत होते, आकडा बघून डोस कमीजास्त होत होता. जेलचा निकाल तुमच्या इंजेक्शनला लावू नका. शिवाय त्याच अभ्यासात टेस्टोस्टेरॉनवाल्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), किडनीला इजा आणि फुफ्फुसात गुठळी हे जास्त निघालं. पुढच्या वर्षी फ्रॅक्चरही जास्त निघाले. ते पान उलटायचं राहिलं वाटतं.

दणकट:
एकदाच मोजलं, दुपारी. मग? त्रास होता की नव्हता?

मुळाक्षर:
अश्वगंधा आणि शिलाजीत दोन महिने घेऊन बघा. आमच्या आजोबांना ना इंजेक्शन माहीत होतं ना हिमॅटोक्रिट.

आडवाटेचा:
गाठीबरोबर गेलेल्या पिट्युटरीला अश्वगंधा काय निरोप देणार? आणि तुमच्या आजोबांनी हिमॅटोक्रिट मोजला नव्हता, म्हणजे तो नव्हता असं नाही.

रक्तपेढीवाला:
मूळ विषयाशी मला देणंघेणं नाही, पण ते रक्तदानाचं वाक्य वाचून डोकं फिरलं. बावीस वर्षं या कामात आहे. शिबिरात आम्ही बोटातून थेंब काढून मोरचुदाच्या निळ्या पाण्यात टाकतो. थेंब बुडला की हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, चला पुढे. हिमोग्लोबिन १८ असलेल्या माणसाचा थेंब तर दगडासारखा बुडतो! फॉर्मवर 'औषधं चालू आहेत का' याला तुम्ही 'नाही' लिहिता. दणकटसाहेब, तुम्ही काय लिहिलं होतं?

दणकट:
रक्त दिलं, चोरलं नाही. कुणाचा तरी जीव वाचला असेल.

रक्तपेढीवाला:
म्हणजे 'नाही' लिहिलं. उपचार म्हणून रक्त काढायची सोय वेगळी असते. डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि आमच्याकडे ती पिशवी पेशंटला चढवत नाहीत, टाकून देतात. पैसे पडतात, म्हणून मंडळी शिबिरात येतात. फुकट काम, वर डबा भेट.

खुर्ची_टाकून:
डबा जुना झाला. आमच्या वॉर्डात नेत्याच्या वाढदिवसाला हेल्मेट मिळालं होतं.

सडेतोड_सुमन:
आमच्याकडे ट्रॉली बॅग. सासरे ६३ चे, बीपीच्या तीन गोळ्या, बॅगेसाठी रांगेत उभे. मी ओढत घरी आणलं.

रक्तपेढीवाला:
या बॅगांनीच वाट लावली. एका दिवशी चारशे पिशव्या, आणि लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. मे महिन्यात थॅलसेमियाच्या पोरांसाठी आम्ही फोन करून करून घसा बसवतो, तेव्हा एक हेल्मेटवाला येत नाही.

खुर्ची_टाकून:
मे महिन्यात मी गावी असतो. तिथे शिबिर घ्या, येतो.

रक्तपेढीवाला:
गावाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चेष्टा करत नाहीये.

न्यूजर्सीचा_नाना:
इकडे टेस्टोस्टेरॉन १९९० च्या कायद्यापासून नियंत्रित औषध आहे, तरी दर दुसऱ्या शॉपिंग सेंटरमध्ये 'पुरुषांचं क्लिनिक' आहेच. मी आठवड्याला थोडं थोडं सिपिओनेट (टेस्टोस्टेरॉनचंच इंजेक्शन) घरीच टोचून घेतो, चढउतार कमी होतो. पण इन्शुरन्सचं विचाराल तर... नको, तो वेगळा धागा होईल.

आडवाटेचा:
धागा रक्तपेढीच्या दारात नेऊन बांधलात सगळ्यांनी. मुद्दा असा की सारखं रक्त काढून लोह संपतं, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) तळाला जातं, थकवा येतो. इंजेक्शन मात्र अस्थिमज्जेला पेशी बनवायला ढोसतच राहतं. मग 'थकवा आला' म्हणून डोस वाढवणारेही मी पाहिलेत.

परसातली_मेथी:
मी एरवी नुसती वाचते. 'अंडकोष आक्रसले तर एचसीजी' हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. माझ्या तीन सोनोग्राफ्या झाल्या, थायरॉइड झालं, नळ्यांमध्ये रंग सोडून एक्स-रे झाला. त्या दिवशी मी रिक्षात रडत घरी आले. सासूबाईंनी उपास धरायला लावले. यांची तपासणी सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टर ओरडल्यावर. शुक्राणू शून्य. डॉक्टरांनी विचारलं, काही इंजेक्शनं? हे म्हणाले, जिममध्ये 'ताकदीची' घेतो, वर्ष झालं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना निरोप पाठवायचा थांबवतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. ट्रेनरने सांगितलं नव्हतं, दुकानदाराने चिठ्ठी मागितली नव्हती.

बंद केल्यावर पहिले काही महिने नवरा ओळखू येत नव्हता, इतका खचला. एचसीजीही झालं. आकडा वर यायला चौदा महिने लागले. मुलगी आता तीन वर्षांची आहे. आमचं नशीब. ओपीडीत आमच्याच बाकावर बसणाऱ्या एका जोडप्याचं परत आलंच नाही.

दणकटदादा, तुम्हाला मूल हवंय की झालंय, ते सांगू नका. पण हे वाचणाऱ्या पंचविशीतल्या पोराला 'विषय संपला' म्हणू नका.

दणकट:
वहिनी, मला दोन मुलं आहेत, इंजेक्शनच्या आधीची. तुमचं वाचून वाईट वाटलं. पण तो दोष ट्रेनरचा, औषधाचा नाही.

आडवाटेचा:
अहो, तेच तर म्हणतोय! मी स्वतः हे औषध घेतो, औषधाला शिव्या कशाला देईन? तुमच्या तीन वाक्यांमुळे दुकानदार माझ्याकडे 'आणखी एक बॉडीबिल्डर' म्हणून बघतो. माझं पोट पाहूनसुद्धा!

सडेतोड_सुमन:
दणकट, एक साधा प्रश्न. शेवटचा हिमॅटोक्रिट कधी केला?

दणकट:
(दोन दिवसांनी) केला. ५५.८. झालं समाधान? डॉक्टरने पुढचं इंजेक्शन थांबवलंय, उपाशीपोटी तपासणी परत सांगितलीय. अ‍ॅनास्ट्रोझोलही बंद करायला लावलं. आडवाटेचा यांनी लगेच पेढे वाटू नयेत, रक्तदानाबद्दल माझं मत तेच आहे.

आडवाटेचा:
पेढे नाही वाटत. घोरता का ते घरी विचारा.

दणकट:
विचारलं. उत्तर इथे छापण्यासारखं नाही.

रक्तपेढीवाला:
आता डॉक्टरने रक्त काढायला सांगितलं तर शिबिरात जाऊ नका. चिठ्ठी घेऊन कामाच्या दिवशी पेढीत जा. भेटवस्तू मिळणार नाही.

खुर्ची_टाकून:
सुमनताई, ती ट्रॉली बॅग सासऱ्यांना शेवटी मिळाली की नाही?