दुसऱ्याच चालीला वजीर एच५

बुद्धिबळात पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५ झाल्यावर पांढऱ्यानं लगेच वजीर एच५ला नेणं हा निव्वळ पोरखेळ, असं एकानं म्हटलंय. मला ते पटत नाही. इथं टिळकवाडीत सुट्टीत मी पोरांना शिकवतो. काळ्याकडून खेळणारी नवखी पोरं घाबरून लगेच जी६ला प्यादं सरकवतात. मग वजीर शह देत ई५चं प्यादं मारतो आणि पाठोपाठ एच८चा हत्तीही! आधी ई५च्या प्याद्याला जोर द्यायला घोडा सी६ हवा. पांढऱ्याचा उंट सी४वर आला की मग काळ्याचं जी६, पांढऱ्याचा वजीर एफ३, काळ्याचा घोडा एफ६, काळा निर्धास्त. पांढऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे बघा: एफ३ ही त्याच्या घोड्याची हक्काची जागा, तिथं वजीर बसलाय. तरी डाव हातचा जात नाही. २००५मध्ये अमेरिकेचा ग्रँडमास्टर नाकामुरा भारताचा ग्रँडमास्टर शशिकिरणविरुद्ध हेच खेळला. हरला, पण सुरुवातीनंतर त्याची स्थिती मुळीच वाईट नव्हती.