स्वतः मिशनला न गेलेले आर्नल्ड यान्सन मिशनऱ्यांचे संत कसे?

वसईकर:
सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड, म्हणजे आपले एस.व्ही.डी. फादर, परदेशी धर्मप्रचार करणारा कॅथलिक संघ. या संघाचे संस्थापक संत आर्नल्ड यान्सन यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: स्वतः कधी मिशनला गेले नाहीत, खुर्चीत बसून दुसऱ्यांना पाठवत राहिले. मला तो अजिबात पटत नाही.

जन्म १८३७ चा, जर्मनीतल्या गोख गावचा. पेशाने गणिताचे शिक्षक. जर्मन चॅन्सलर बिस्मार्कच्या कायद्यांनी कॅथलिक चर्चची कोंडी केली होती, धर्मगुरू तुरुंगात जात होते आणि नेमक्या त्याच वेळी हा माणूस म्हणतो, आपल्याला परदेशी मिशनसाठी सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, काढायची आहे! जर्मनीत जमणं शक्यच नव्हतं. सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये श्टाइल इथे नदीकाठची एक जुनी खानावळ घेतली आणि ८ सप्टेंबर १८७५ ला तिथेच सुरुवात केली. पहिल्या चौघांतले दोघं लवकरच सोडून गेले. तरी छापखाना टाकला, मासिकाच्या वाचकांकडून पैसा उभा केला, १८७९ ला दोघांना चीनला धाडलं. पुढे अर्जेंटिना, टोगो, न्यू गिनी. १८८९ ला सिस्टरांचा संघही काढला. एवढा पसारा सांभाळायला कुणीतरी एका जागी ठाण मांडून बसावंच लागतं.

अनवाणी:
पसारा मान्य. पण चीनचं एका ओळीत उरकलंत. तिथे गेलेल्या पहिल्या दोघांतले आन्झर पुढे बिशप झाले आणि १८९० मध्ये त्यांनी मिशन जर्मन सरकारच्या संरक्षणाखाली नेलं. नोव्हेंबर १८९७ मध्ये शानदोंगमध्ये नीस आणि हेन्ले या दोन फादरांचा खून झाला आणि दोन आठवड्यांत जर्मन आरमार जिआओझोऊच्या उपसागरात उतरलं. पुढच्या वर्षी ९९ वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला. वर भरपाई म्हणून चर्चही बांधून घेतली. त्या गावकऱ्यांना मिशन आणि तोफा वेगळ्या कशा दिसणार? संघाचा प्रमुख कोण होता तेव्हा? यान्सनच.

वसईकर:
आन्झरना बिशप रोमने नेमलं होतं, त्यांना हटवणं यान्सन यांच्या हातात नव्हतं. आणि त्या दोघांतल्या दुसऱ्याचं नाव घ्या ना! योसेफ फ्रायनाडेमेट्स, टायरॉलच्या डोंगरातले. चिनी पोशाख, चिनी भाषा, आयुष्य तिथेच काढलं. टायफसच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता १९०८ मध्ये त्याच आजाराने गेले. २००३ मध्ये त्यांना आणि यान्सन यांना एकाच दिवशी संतपद मिळालं.

अनवाणी:
फ्रायनाडेमेट्स यांच्यापुढे मी हात जोडतो. म्हणूनच म्हणतो, त्यांना आणि पाठवणाऱ्याला एका मापाने मोजू नका.

इंदुरी:
आमच्याकडे इंदूरला हे एस.व्ही.डी. फादर १९३२ ला आले. त्यांच्यातले ऑस्ट्रियन फादर स्टीफन फुक्स निमाडमध्ये बलाहींमध्ये राहिले. विणकाम करणारा, गावकीची कामं करणारा, अस्पृश्य ठरवलेला समाज. त्यांची लग्नं, मयताचे विधी, कुळं, कथा, सगळं तपशिलाने टिपलं. पुढे कोरकू आदिवासींवर लिहिलं (हेच कोरकू तुमच्या मेळघाटातही आहेत) आणि मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन कल्चर उभी केली. ही परंपरा यान्सन यांच्या हयातीतली: १९०६ मध्ये त्यांच्याच संघाच्या विल्हेल्म श्मिट यांनी मानववंशशास्त्राचं ‘अँथ्रोपोस’ नियतकालिक सुरू केलं. बलाहींच्या मयताला किती जण काय विधी करतात, हे त्या काळात कुणा सवर्ण पंडिताला नोंदवावंसं वाटलं?

अनवाणी:
तुमचा शेवटचा प्रश्न झोंबला आणि झोंबायलाच हवा. पण नोंद करणारा धर्मांतराच्या हेतूने आलेला असेल तर तो हेतू नोंदीत उतरतोच.

इंदुरी:
उतरत असेल. मग नोंदी तपासून घ्या, खोडा. पण खोडायलाही त्या आहेत म्हणून जमतं. बलाहींच्या आजच्या पिढीला पणज्याच्या काळचं काही वाचायचं असेल तर आधी फुक्सचंच काम हाती लागतं.